वरच्या खोलीतली ऊब

९ डिसेंबर, मंगळवार. हफ्र अल बातिन, सौदी

बंबाचा आवाज. रत्नागिरीच्या आमच्या परसातला तांब्याचा बंब. पाणी तापायला लागलं की आधी गुणगुणायचा, मग त्याचा घसा खरखरायचा, आणि आम्मी चुलीपासून सांगायची, विस्तव मागे ओढ. पहाटे झोपेतच हात पुढे केला विस्तव ओढायला. हाताला लागली इथली गारढोण भिंत.

आवाज मात्र खरा. भिंतीपलीकडे कफीलच्या, माझे मालक अबू सालेह यांच्या, घराचा बॉयलर. थोडा खरखरला नि आपोआप विझला.

काल त्याची सगळी पाण्याची लाइन धुऊन झाली. औषध घातलं, फिरवलं, सोडलं. काय ते काळं पाणी, शाळेतली दौत लवंडल्यासारखं. मी खाली, नासर वर, खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरची हवा काढायला. आणि आता हे. पेटतो, खरखरतो, विझतो. सगळे रेडिएटर बर्फ. धुण्याआधी निदान कोमट तरी व्हायचे.

१० डिसेंबर

पंप पाहिला. डिझेल पाहिलं. हवा पुन्हा काढली. काही नाही. आतल्या आत उकळतं, पुढे सरकत नाही.

वर अबू सालेहची आई. जिन्यातून तिचा खोकला ऐकू येतो. खोलीत विजेचा हीटर ठेवलाय, पण त्याने जीव गुदमरतो म्हणते, बंद करायला लावते. तीन घोंगड्यांखाली बसून असते.

संध्याकाळी अबू सालेह खाली आले. नासर नि मी समोर उभे. नासर त्यांच्या ऑफिसात नवा. सौदी माणूस ठेवावाच लागतो आता, म्हणून घेतला. डिप्लोमावाला, बायकामुलांचा, सालस. त्याला काम येऊ लागलं की माझा इकामा, इथे राहायचा परवाना, वाढणार नाही, हे आम्हा तिघांना माहीत. बोलत कोणी नाही.

त्यांनी विचारलं, "वाल्व कोणी फिरवले?"

मी म्हटलं, "वर नासर होता."

एवढंच. एक अक्षर खोटं नाही. नासर माझ्याकडे बघत राहिला. वयाने मोठ्या माणसाला तो उलट बोलत नाही.

११ डिसेंबर

नासरला काढलं. अबू सालेह म्हणाले, यंत्र तुझं काम नव्हे, बापाचे उंट सांभाळ जा. ऑफिसातले ड्रायव्हर हसले. नासरने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, सगळ्यांना सलाम केला, मलाही, आणि गेला. मी पाना पुसत बसलो. पाना स्वच्छच होता.

चौथीत सगळा वर्ग चालीवर कविता म्हणायचा. मला कवितेचा तास म्हणजे सण. पण एखादं कडवं विसरलं की मी नुसते ओठ हलवायचो, आणि उठवलं जायचं शेजारच्याला. आजच का आठवावं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सापडलं. लिहवत नाही.

जुम्म्याच्या आधी एकटाच बॉयलरपाशी गेलो. मागच्या पाइपावरचं कापसाचं वेष्टण सोडलं. मीच गुंडाळलेलं, किती नीटस. आत पाइप जोडणाऱ्या दोन फ्लँजच्या मधून पोलादी चकतीची शेपटी बाहेर आलेली. ब्लँक. धुताना घाण बॉयलरात शिरू नये म्हणून मीच घातली होती. काढलीच नाही. पाणी फिरणार कुठून.

इथे येण्याआधी जुबैलच्या प्लँटात जन्म गेला. तिथे ब्लँक घालणारी गँग वेगळी, काढणारी वेगळी. आपण घालायची, लाल टॅग लटकवायचा, बसमध्ये बसायचं. काढायला पुढची शिफ्ट. हाताला तीच सवय. टॅगही लावला नाही, म्हटलं घरात कशाला. आणि घरात पुढची शिफ्ट कुठली.

नासर त्या पाइपाकडे फिरकलासुद्धा नव्हता.

पाणी सोडलं, बोल्ट सोडले, चकती काढली, नवं पॅकिंग घातलं. पेटवला. गुणगुणला, आणि गुणगुणतच राहिला. वरच्या रेडिएटरवर हात ठेववेना. म्हातारीने एक घोंगडी बाजूला केली.

मशिदीत दुआला हात उचलले. नासरचं नाव ओठांपर्यंत आलं. पुढे नाही.

१३ डिसेंबर

म्हातारीने कहवा नि खजूर पाठवले. निरोप असा की छातीला ऊब मिळाली, झोप लागली, या हिंदी माणसाच्या हातांना बरकत दे म्हणून अल्लाकडे मागितलंय. खजूर तोंडात फिरत राहिला.

सांगून टाकायचं ठरवून अबू सालेहकडे गेलो. तिथे पाहुणे. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांना म्हणाले, हा माझा म्हातारा, डिप्लोमावाले याच्यापुढे पाणी भरतात. मग मला, "इकामा वाढवतो. तू कुठे जाऊ नकोस."

मी म्हटलं, शुक्रन.

कबूल करायला गेलेला माणूस आभार मानून परत आला.

जैनबचा फोन. तिला इकाम्याचं सांगितलं. वाटलं, बायको खूश होईल. ती म्हणाली, "म्हणजे यंदाही येत नाही म्हणा." आणि वर, "बंब अजून मोडीत दिला नाही मी. सून रोज सांगते, देऊन टाका."

मी कोणासाठी हे केलं, ते आता मलाही नीट...

१४ डिसेंबर

ब्लँक खिडकीत ठेवलीय. ऊन पडलं की चमकते. अबू सालेहपुढे ठेवायची नि सांगायचं. काय सांगायचं? अरबीत मला काम येतं, माफी येत नाही. म्हणून आधी मराठीत जुळवायला बसलो. दोन ओळी झाल्या. छान झाल्या, यमकसुद्धा जुळलं. मग वाचून स्वतःचीच शिसारी आली. नासरच्या घरात काय चाललंय आणि मी यमक जुळवतोय. कागद फाडला.

उद्या सकाळी जातो. नक्की.

असरच्या नमाजानंतर दार वाजलं. वाटलं, कहव्याची किटली न्यायला कोणी आलं. उघडलं तर नासर. अंगावर जुना फरवा, मेंढीच्या लोकरीचा झगा, थंडीने नाक लाल. इथे यायला त्याला मनाई आहे. मागच्या फाटकातून आला म्हणाला. मी काही विचारायच्या आत तोच बोलला. हिंदी मजुरांकडून एक शब्द शिकलाय, तो मला लावतो.

"चाचा, आजीची खोली तापली ना?"

तापली म्हटलं.

"अल्हम्दुलिल्लाह. मला जुबैलला काम मिळतंय. त्याआधी एकदा दाखव, माझ्या हातून कुठला वाल्व चुकला. तिथे पुन्हा तसं नको व्हायला."

बाहेर वारा होता. मी बाजूला झालो, आत ये म्हटलं. खोलीत खुर्ची एकच, खिडकीपाशी. तो तिथेच जाऊन बसला.