रेडिओवर माझे विचार

३ मे १९८८, सकाळ
परभणीहून रेडिओचं पत्र. चर्चा: 'माणूस, धर्म आणि राजकारण'. अखेर कुणाला तरी अक्कल आली. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. निवृत्त होऊन सेलूला राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली, एकानंही माझं मत विचारलं नाही. हे गाव फक्त कापसाचा भाव विचारतं.
कमलला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "थोडकं बोला." बायकोला विचार कळत नाहीत.

४ मे
संकल्प: रोज एक तास आवाजाचा रियाज. तंबाखू बंद. सोबतच्या वक्त्यांबद्दल मन स्वच्छ ठेवणे.
सोबतचे कोण ते कळलं. माणिकराव महाराज, कीर्तनकार. त्यांचा अभंग कुठं संपतो आणि ढेकर कुठं सुरू होतो, कळत नाही. दुसरी, पालमची नर्स सत्यशीलाबाई. नर्स! धर्मावर!
तिसरा संकल्प रद्द.

९ मे
भाषण बावीस पानं. मोठ्यानं वाचलं. शेजारच्या केशरबाई धावत आल्या, कोण वारलं म्हणून.
तंबाखू: एक चिमूट. घशासाठी.

१४ मे, संध्याकाळ
रेकॉर्डिंग उत्तम!! पॅसेंजर लेट, कोट घामानं भिजला, तरी आवाज खणखणीत. सहा पानं वाचली, तेवढ्यात कार्यक्रमवाल्या बाईंनी हात वर केला. भारावल्या असाव्यात.
महाराज जे बोलायचं ते बोलले. मग नर्स. नामांतराच्या दंगलीचं काहीतरी. ही माणसं दहा वर्षं तेच धरून बसतात. मी तोवर उरलेली पानं लावत होतो. शाळा, कुलूप असं काही कानावर आलं. मध्येच कार्यक्रमवाल्या बाईंनी मला विचारलं, तुम्हीही मुख्याध्यापक होता, तुम्ही काय केलं असतं? मी ताडकन सांगितलं, "नियम म्हणजे नियम. वरचा लेखी आदेश आल्याशिवाय मी शाळेचं कुलूप कधी काढलं नाही." स्टुडिओत एकदम शांतता. याला म्हणतात प्रभाव.
निघताना नर्सनं विचारलं, "गुर्जी, वळखलं का मला?" सही हवी असणार. म्हणालो, हजारो विद्यार्थी, कुणाकुणाला ओळखू? ती म्हणाली, "मी तुमच्या शाळंत न्हवते." आणि गेली. शिष्टाचार शून्य.

२१ मे
उद्या सकाळी आठला प्रसारण. गल्लीला आमंत्रण. अंगणात सतरंजी, चहा. रेडिओला नवे सेल.

२२ मे, सकाळी नऊ
माझी सहा पानं कापली. सगळी.
नर्सचं मात्र पूर्ण. ऑगस्ट अठ्ठ्याहत्तर, पालमजवळचं गाव. वस्ती पेटवली. "आमी लेकरं घिऊन शाळंपाशी आलो. माझी आई भाजली व्हती. हेडमास्तर म्हनले, वरचा लेखी आदेश आना. आमी नाल्यात जाऊन बसलो. आई तिथंच गेली." नाव घेतलं नाही तिनं.
लगेच माझा आवाज. खणखणीत. नियम म्हणजे नियम.
तेव्हा मी त्याच गावी हेडमास्तर होतो हे सतरंजीवर सगळ्यांना ठाऊक. केशरबाई चहा तसाच ठेवून उठल्या.

दुपार
केंद्राला निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. माझे विचार संदर्भ तोडून प्रसारित केले. संदर्भ कोणता, ते लिहिताना अडलो.
शिवाय तिनं तेव्हा आई भाजली आहे असं नीट सांगितलं असतं तर. सांगितलं होतं बहुतेक. मोठ्यानंच.

२३ मे
आज भाकरी वाढताना कमल म्हणाली, "तवा तुमी मला सांगितलं व्हतं, चावी शिपायाकडं हाय अन् शिपाई गावाला गेलाय. मी धा वर्सं बायांना तेच सांगायलेय."
हो म्हणालो.
चावी माझ्या कोटाच्या खिशात होती.