कमी पिळाचा पंखा

दापोडी, मार्च १९५६, शनिवार

अजून अंगावर काटा आहे. वर्कशॉपच्या मोटरबोटीचं रडगाणं जुनंच: वेग धरायला गेली की नाक वर आणि बूड पाण्यात. मी हटून बसलो होतो, मागच्या, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांना पीळ जास्तच हवा. आज तसा पंखा बसवायला गेलो आणि घाईत कमी पिळाचा बसवला! बोट घेऊन मुळा नदीत उतरलो. वेग धरतोय न धरतोय तोच नाक खाली आलं, बोट पाण्यावर चढून अलगद घसरू लागली. जोडीदार काळोखे ओरडला, "राव, ही तर पाण्यावर चालती!" पाणी इतकं घट्ट असतं? आणि तेही कमी पिळानं? घरी येऊन हिला सगळं सांगितलं. शांतपणे म्हणाली, "मग तुमचाही पीळ थोडा उतरवून बघा की."