तक्त्यात बसलेली सून

पिपरी मेघे,
ता. ९ फेब्रुवारी १९८३

ती. सौ. मनकर्णाताईस,

नलूचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. वडनेरला तुमची तूर घरी आली का? भाऊजींचा खोकला थांबला का? तुझ्या पत्राचं उत्तर राहूनच गेलं. हल्ली एकदा बसले की उठवत नाही.

आमच्याकडची मोठी बातमी म्हणजे माझं वजन डॉक्टरांच्या तक्त्यात बसलं! गेल्या वर्षी गुडघा दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला होता. या उंचीला एवढंच वजन हवं, वर गेलं की रोग आलाच, म्हणाले. सासूबाईंनी लगेच मारुतीला नवस बोलला की सून तक्त्यात बसली तर तिची गुळाने तुला करीन. मारुतीसुद्धा चक्रावला असेल.

मी भात सोडला, भाकरी अर्धी केली. थोडं वजन उतरलं. दिवाळीनंतर कंटाळून पूर्वीसारखं जेवू लागले, तरी ते उतरतच गेलं.

गेल्या शनिवारी तुला झाली. कापूस मोजायचा मोठा काटा आणून देवळापुढे टांगला. सासूबाईंनी गूळ आणला होता माझ्या जुन्या अंगाच्या अंदाजाने. मी पारड्यात बसले ती सरळ वरच गेले. मग बायका गुळाची एकेक भेली काढायला लागल्या. "काढ व अजून एक! सुनेनं माहा गूळ वाचवला!" सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. लटकलेले माझे पाय मला दिसत होते, अगदी काटक्या.

उरलेला गूळ घरी आला. आता चहात गूळ, पोळीत गूळ. "खाय ना व, आता कायचं भेव?" असं सासूबाई म्हणतात, आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही.

ताई, मला सारखी तहान लागते. तांब्या संपवला तरी घसा कोरडाच, आणि लघवीला तर सारखं. चपलेने सोललेली टाच संक्रांतीपासून भरली नाही. साखरेच्या आजारात आपल्या काकूचं असंच झालं होतं ना? डॉक्टरांना तहानेचं सांगितलं. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, तक्ता पाहिला आणि म्हणाले, "उत्तम. असंच ठेवा." लघवी तपासा म्हणायची मला लाज वाटली. घरी रडले, तर हे म्हणाले, "डॉक्टर चांगलं म्हणून राह्यला ना, मंग तू काऊन रडून राह्यली?"

जाड होते तेव्हा दोन हंडे घेऊन विहिरीवरून यायची, आणि सगळे मला आजारी म्हणायचे. आता दारापर्यंत गेले तरी धाप लागते, तर म्हणतात, तब्येत सुधारली.

मला फार भीती वाटते, ताई. काकूसारखं मरायचं नाही मला. तू ये आणि मला सेवाग्रामच्या दवाखान्यात ने. यांच्याशी भांडायचं बळ माझ्यात उरलं नाही, तुझ्यात आहे.

येताना तुझ्या लेकीचे दोन जुने ब्लाउज आण. माझे सगळे खांद्यावरून उतरतात. शिवणाऱ्या मंदाबाई नवं माप घ्यायला आल्या होत्या, त्यांना मी परत पाठवलं. म्हटलं, इतक्यात नको, माझं माप अजून थांबलेलं नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
नलू