ज्याची वर्गणी त्याची पाळी

१२ फेब्रुवारी
सभेत मी बोलले! पाणी वापर संस्थेची सचिव झाल्यापासून पहिल्यांदा. गेल्या पावसाळ्यात पांझरेच्या पुरानं बंधाऱ्याला भगदाड पाडलं, तेव्हापासून आमचा पाट कोरडा पडलाय. दुरुस्तीचा मोठा वाटा सरकार देतंय, पण गावचा हिस्सा आधी भरा म्हणे, मार्चअखेर. नाहीतर काम दुसऱ्या गावाला! म्हणजे वर्गणी मागत दारोदार मीच फिरायचं. फिरेन की!

१५ फेब्रुवारी
पहिलं दार घरचंच. सासरे म्हणाले, मला बोअर आहे, पाट कशाला? म्हटलं, आबा, बोअरचं पाणी वरच्या वावरालाच पुरतं, पाटाखालचं पडीकच आहे ना. तर म्हणे, राहू दे पडीक. हे नेहमीसारखे ताटात बघत बसले.

२ मार्च
बोअरवाले सगळे एकच ऐकवतात — आधी तुमच्या घरचं आणा. तोंड कुठे लपवू! असा संताप आला की आज सभेत नियमच मांडला. जो वर्गणी देईल त्यालाच पाण्याची पाळी. बाकीच्यांना थेंब नाही. अध्यक्ष प्रेमराजनाना हसले, "आबाले कोण सांगी?" मीच सांगेन म्हटलं. ठराव पास.

२१ मार्च
हिश्श्यातलं थोडंच भरायचं राहिलंय, पण ते काही जमत नाही.

२४ मार्च
भागाबाई आली. आमच्याकडे निंदणीला येते ती. नावावर वीतभर जमीन नाही. सोबत तिच्या गल्लीतल्या मजूर बाया — बचत गटातून प्रत्येकीनं वर्गणी आणलेली! अगं, तुम्हाला कशाला, असं माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"पाट चालना ते मजुरी ऱ्हाई," ती म्हणाली.

मला रडूच आलं. पावत्या फाडल्या. हिस्सा भरला. भरला!!

आबांचं म्हणणं, या बाया आता पाळीचं पाणी काय घागरीत नेणार? हसत होते.

२९ मे
बंधारा झाला. सिमेंट अजून ओलं आहे, तरी जो तो हात लावून बघतोय. मीही लावला.

८ नोव्हेंबर
पाट वाहतोय! गव्हाच्या पेरणीची धांदल. आबा पाटापर्यंत जाऊन नुसतेच बघून आले. चहा घेताना म्हणाले, माझी वर्गणी आता घे. मुदत मार्चलाच संपली, मी म्हटलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण नाही घेतली.

१० नोव्हेंबर
सभेत पाळ्यांची नावं वाचत होते. भागाबाईचं नाव आलं आणि कुणीतरी विचारलं, हिचं वावर कुठलं? तिला पाळी आहे, वावर नाही. आबांना वावर आहे, पाळी नाही. नियम माझा, आणि मलाच हे सुचलं नव्हतं! तिला सुचलं होतं. उठली, पदर सारखा केला आणि आबांना म्हणाली, "वावर तुमनं, पानी मनं. गहू निम्मा-निम्मा."

आबा उठून चालते झाले. घरी आल्यावर जेवलेही नाहीत. मी विचारायला गेले तर पाठ फिरवली.

१३ नोव्हेंबर
भागाबाई आज खालच्या वावरात आली. निंदायला नाही. पाटाच्या तोंडाशी आबांसमोर उभी राहिली. "फावडं ल्या, आबा. मी पानी सोडस."

आबांनी फावडं घेतलं.