शंभराव्या अंकातली थरथर

सोमवार, ३ मार्च

सकाळीच कुरिअरवाला आला. झंझा कॉमिकचा शंभरावा अंक! बत्तीस पानं. चित्रं शाईत तयार, सगळ्यांची तोंडं उघडी, आणि शब्द एकही नाही. शब्द निराळ्या कागदांवर, कथाकारांनी टाइप केलेले. ते पानापानांवर हातानं लिहायचे, मग भोवती फुगा काढायचा, मग फुग्याला शेपूट — जो बोलतोय त्याच्या तोंडाकडे. फुगा आधी काढला तर शब्द आत मावत नाहीत. एवढंच आमचं काम.

ह्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला, चष्मा लावला, पानं उलटली. "अंक शंभर झाले, पोरीची कंबर काही वाढली नाही," म्हणाले.

वाढेल कशी? तिला जेवताना कुणी काढलेलंच नाही. दिवसभर पोस्टात शिक्के मारते, सुटी झाली की डगला चढवून उडते. मोकळे केस, एवढा वारा, पण गुंता नाही. अंगाला घट्ट बसलेल्या त्या पोशाखाला खिसा नाही. घराची किल्ली कुठे ठेवते हे मी पहिल्या अंकापासून शोधते आहे.

या वेळचा दुष्ट डॉक्टर गंज. हात लावेल त्या लोखंडाला गंज चढतो. पूल पडतो, लिफ्ट अडकते, पोलिसांच्या गाडीची चाळण होते. इथवर ठीक. पुढे तो झंझाच्या रक्तातलंच लोखंड गंजवतो आणि तिची सगळी शक्ती जाते. शेजारच्या बाईंना डॉक्टरांनी हेच निदान सांगितलं होतं. त्यांना गोळ्या दिल्या. झंझाला चाळिसाव्या मजल्यावरून खाली टाकलंय.

पडता पडता ती सात ओळी बोलते. मी मोठ्यानं म्हणून पाहिल्या, घड्याळ लावून. तेवीस सेकंद. तोवर ती खाली पोचून बघ्यांची गर्दी पांगलीही असती.

गठ्ठ्याच्या तळाशी संपादकांचं पत्र होतं. ते वाचल्यावर हसू गेलं. हा हातानं लिहिलेला शेवटचा अंक. यापुढे कॉम्प्युटर लिहील, पण अक्षरं आमचीच — "आपल्या हातचं वळण जपून ठेवायचं आहे." त्यासाठी पंधरा तारखेला शनिवारी ऑफिसातली मुलगी घरी येणार. ह्यांनी तिच्यासमोर बसून सगळी मुळाक्षरं लिहायची. ती कॅमेऱ्यात घेणार.

मंगळवार, ४ मार्च

कुठेच लिहिलेलं नाही म्हणून इथे लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात. पस्तिसावा अंक अर्धा झाला होता, तारीख डोक्यावर. उरलेली पानं मी लिहिली. चौथीपर्यंत शाळा शिकलेली बाई मी. पण लग्न झाल्यापासून ह्यांच्या पानांवर पेन्सिलीच्या रेघा मीच आखत होते, बघून बघून हात बसला होता. कुणाला कळलं नाही. छत्तिसावाही मी लिहिला. मग आम्ही काही ठरवलं असं नाही, तसंच चालू राहिलं. पहिल्या पानावर "अक्षरं" म्हणून ह्यांचं नाव येतं. ते नावसुद्धा मीच लिहिते.

आणखी एक आहे, ते ह्यांनाही ठाऊक नाही. हे शब्दाला शब्द उतरवायचे. मला ते जमलं नाही. कथाकार झंझाच्या तोंडी घालतात, "हे पामरा, तुझा अंत समीप आला आहे." घाईत असलेली कुठली बाई असं बोलेल? मी लिहिलं, "बस झाले तुझे लाड." तसंच छापून आलं. कथाकारांनी हूं की चूं केलं नाही, स्वतःचं छापलेलं वाचत नसावेत. तेव्हापासून प्रत्येक अंकात पाच-दहा जागी शब्द बदलते. हात गेल्यापासून ह्यांनी छापून आलेला अंक उघडलेला नाही. येतो, कपाटात जातो.

गुरुवार, ६ मार्च

पंधरा तारखेचं काय करायचं, यावर आज बोललो. म्हणजे चहा होईपर्यंत.

"सांग, मी आजारी आहे."

"मग दोन दिवस आधीच येईल बघायला."

"हात प्लास्टरमध्ये घालू."

"त्यासाठी आधी मोडावा लागेल."

"तेही तूच कर. माझी बाकीची कामं तूच करतेस."

हसत म्हणाले. पण नंतर कप खाली ठेवताना बशीत वाजत राहिला. ह्यांना एकच भीती आहे. चाळीस वर्षं ज्यांनी मान दिला त्यांच्यासमोर कॅमेऱ्यात हा हात दिसायचा, आणि वर अकरा वर्षांचं खोटं उघडं पडायचं.

ठरलं ते असं. मुळाक्षरं मी आधीच एका मोठ्या कागदावर लिहून ठेवायची. हे म्हणतील, बोटं आखडलीत, कालच लिहून ठेवलंय, याचेच फोटो घ्या.

मी हो म्हटलं. माझं काय? खरं लिहायचं तर वाईट वाटलं. माझा हात कायमचा त्या कॉम्प्युटरच्या पेटीत जाणार, ह्यांच्या नावानं, आणि मला पुन्हा लिहायला बसायचं काही कारण उरणार नाही.

शनिवार, ८ मार्च

एकोणीस ते एकवीस ही पानं अडलीत. शक्ती गेल्यावर झंझा जमिनीवर पडून बोलते. तीनच फुगे. समासात कथाकारांची सूचना — "इथे अक्षरं थरथरती हवीत. वाचकाला तिचा आवाज ऐकू यावा."

डाव्या हातानं लिहिलं. पहिलीतल्या मुलानं लिहिल्यासारखं दिसलं. मनगट सैल सोडून पाहिलं. शेवटी लिहायचा पाट कपडे धुण्याच्या मशीनवर ठेवला आणि ती गरगरायला लागल्यावर लिहिलं. झंझा खडबडीत रस्त्यावर बसच्या मागच्या सीटवर बसून बोलतेय असं वाटतं. हे दारात उभे होते, बघत. त्यातल्या त्यात बऱ्या पानांचे फोटो ऑफिसला पाठवले.

मंगळवार, ११ मार्च

ऑफिसातल्या त्या मुलीचा फोन. "आजी, आजोबांना सांगाल का, बाकी सगळं सुंदर आहे. पण ती तीन पानं... संपादक म्हणतात थरथर खोटी वाटते. मुद्दाम केलेली."

खोटीच आहे, बाई. माझा हात धडधाकट आहे, मी काय करू.

बुधवार, १२ मार्च

आजही नाही जमलं. चुका झाकायला सफेदा लावून लावून कागद खरवडला.

गुरुवार, १३ मार्च

जेवणं झाल्यावर मी पुन्हा पाटाशी बसले. हे आले, उभे राहिले. म्हणाले, "ऊठ जरा."

मला वाटलं पाय मोकळे करायला सांगतात. उठले. हे माझ्या जागी बसले. अकरा वर्षांनी. पेन हातात धरलं तर ते पाटावर टकटक वाजायला लागलं, तेव्हा डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू धरू नकोस. धरलंस तर पुन्हा तुझंच अक्षर येईल."

तीन फुगे. दीड तास लागला. शर्ट पाठीला चिकटला होता. पहिल्या फुग्यात "मला उठता येत नाही" असं आहे. मी ते वाक्य पाच दिवसांत पंचवीस वेळा लिहिलं असेल आणि मला काही झालं नव्हतं. ह्यांचं वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. भांडी घासलेलीच होती, परत घासली.

ऑफिसला फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं — "हेच. आजोबांना नमस्कार."

नमस्कार सांगितला. "पोचला," म्हणाले.

शनिवार, १५ मार्च

जमेल तसं सगळं उतरवते, नाहीतर विसरेन.

ती मुलगी दहाला आली. पंचविशीतली, पाठीवर भलीमोठी पिशवी. लहानपणापासून झंझा वाचते म्हणाली, ह्यांच्या पाया पडली. ह्यांनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले होते. तिनं तीन पायांवर कॅमेरा उभा केला. "आजोबा, अ पासून सुरू करू या?"

ठरल्याप्रमाणे मी तयार कागद आणून समोर ठेवला. आता ह्यांनी बोटं आखडल्याचं म्हणायचं. ह्यांनी कागदाकडे नुसतं बघितलं. मग खिशातून हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. तिच्या डोळ्यांसमोर, थरथरत. कॅमेरा चालू होता.

"विसाव्या पानावरची थरथर तुम्हाला आवडली ना? ती ह्या हाताची," म्हणाले. "ते तीन फुगे माझे. बाकी अंक हिचा. मागचे पासष्टही हिचेच. हा कागदही."

मुलीनं कॅमेरा बंद केला. माझ्याकडे बघितलं. मी ट्रेमधल्या कपांचे कान एका बाजूला वळवत बसले.

"म्हणजे पस्तिसाव्या अंकापासून," ती म्हणाली. लगेच हिशेब केला पोरीनं. "तेव्हापासूनच झंझा माझ्या मावशीसारखी बोलायला लागली. मला वाटायचं, कथाकार बदलले."

"बोलायला?" हे म्हणाले. माझ्याकडे वळले. "बोलायला म्हणजे काय?"

आता माझी पाळी. सांगितलं सगळं. पामरापासून.

 मुलगी हसायला लागली, मग ह्यांचा चेहरा बघून थांबली. जाताना माझ्याही पाया पडली. "मला संपादकांना सांगावं लागेल, आजी." सांग, म्हटलं. लपवायला आता राहिलंय काय.

सोमवार, १७ मार्च

संपादकांचा फोन. रागावले नाहीत. गोड बोलले, त्याचीच जास्त भीती वाटते. "वहिनी, तुमचं कौतुक आहेच. पण वाचकांना त्यांचं नाव ओळखीचं आहे. अक्षरं त्यांच्याच नावानं राहू देत. नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं?"

चालेल म्हटलं. ह्यांची लाज झाकली गेली, अंक अडला नाही, आणखी काय हवं? फोन ठेवल्यावर ह्यांना सांगितलं. "तू काय म्हणालीस?" विचारलं. "चालेल म्हणाले." ह्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, कळलं नाही. शनिवारपासून माझ्याशी मोजून बोलतात. हाताचं ह्यांनी स्वतःहून सांगितलं, पण शब्दांचं मी अकरा वर्षं लपवलं, ते लागलंय.

मंगळवार, १८ मार्च

कपाटातून झंझाचे सगळे अंक काढले ह्यांनी. पस्तिसाव्यापासून ओळीनं वाचत बसले आहेत. पान उलटायला वेळ लागतो, मी मदतीला गेले तर "राहू दे."

दुपारी बाहेरच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. जाऊन बघितलं. एकसष्टावा अंक. झंझा समुद्राच्या तळाशी एका राक्षसाला म्हणते, "आधी पाय पूस, मग आत ये."

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"कथाकारानं काय लिहिलं होतं?"

"'थांब, अधमा.'"

ह्यांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं. "आणि मी मनात म्हणत होतो, हिला मी शिकवलं," म्हणाले. पुढचा अंक उचलला.

बुधवार, १९ मार्च

वाचन चालू. ब्याण्णवाव्यापर्यंत आले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

गुरुवार, २० मार्च

मुलगी परवानगीचा कागद घेऊन आली. "अक्षरांचे मालक" या शब्दांपुढे ह्यांचं नाव टाइप केलेलं. ह्यांनी पेन मागून घेतलं आणि ते नाव खोडलं. रेघ वाकडीतिकडी गेली, पण पुरती गेली. वर माझं नाव लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती, तिथे ह्यांनी केली.

मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, नवरा साक्षीदार चालतो का, विचारावं लागेल."

"विचारा," हे म्हणाले. "पण अकरा वर्षं हिला लिहिताना बघितलेला दुसरा माणूस नाही."