आमच्या घरी राहणाऱ्यांना शुभेच्छा

वोदेनिक, बोस्निया
६ मार्च १९९८

ती. वासवियामावशीस,
सादेताचा स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि ल्युबानकाकांची कॉफी पोचली. कॉफी संपली, पत्र अजून पुरवून वाचते आहे. बाबा बरे आहेत, म्हणजे वीज गेली की शिव्या देतात आणि आली की बिलाला देतात.

मोठी बातमी अशी की आमचा रेडिओ स्वतंत्र झाला. युद्धात तो नगरपालिकेचा होता, आता परदेशी मदतसंस्थेच्या पैशावर चालतो, म्हणून स्वतंत्र. संस्थेचे योस्टसाहेब हॉलंडचे. सत्ताधाऱ्यांना न घाबरता प्रश्न विचारा, असं रोज सांगतात. शिबिरांवर शिबिरं चालली आहेत, सगळी समुद्रकाठच्या हॉटेलांत. वस्तुनिष्ठ बातमी मासळीबरोबर लवकर पचत असावी. मागच्या वेळी शिकवायला आलेल्या बाई आपल्या कागदांत देशाचं नाव बदलायला विसरल्या आणि आम्ही दुपारपर्यंत कंबोडियाच्या भातशेतीवर चर्चा केली. जेवण उत्तम होतं, म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही.

साहेबांच्या डोळ्यांत खुपतो तो माझा रविवारचा फर्माइशीचा कार्यक्रम. लोक पैसे भरून शुभेच्छा पाठवतात, मी त्या जशाच्या तशा वाचते आणि गाणं लावते. साहेबांच्या मते हा कचरा. पण विजेचं बिल त्यातूनच निघतं, म्हणून सोसतात.

आता लिहायला हात धजत नव्हता ते लिहिते. संस्थेने नवं कार्यालय घेतलं ते तुमचं घर आहे. नदीकाठचं, हिरव्या खिडक्यांचं. नगराध्यक्षांनी ते 'सोडून दिलेलं' म्हणून आपल्या मेहुण्याला, झुल्फोला बहाल केलं, आणि झुल्फोने संस्थेला भाड्याने दिलं. स्वतंत्र पत्रकारितेची पाटी तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर लागली आहे.

रागावून का होईना, पत्र धाड आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी
सादेता


माल्मो, स्वीडन
२० मार्च

चि. सादेतास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून काका दिवसभर गप्प होते. शेजाऱ्यांना वाटलं आम्ही गावाला गेलो.

सोडून दिलेलं म्हणे! हे सर्ब म्हणून तुमच्या गल्लीला नकोसे, मी मुसलमान म्हणून यांच्या गावाला नकोशी. शेगडीवर सूप तसंच ठेवून निघालो आम्ही. सूप ठेवून जाणारा माणूस घर सोडून देतो होय?

काकांना परत यायचंय, सादेता. तिथे मरायचंय असं म्हणतात. मी म्हणते, आधी जगू तरी द्या तिथे. अर्ज केला तर उत्तर आलं की घराचे मालक बेपत्ता आहेत. हे उत्तर आमच्याच पत्त्यावर आलं.

तुमचा रेडिओ स्वतंत्र आहे ना? मग दे की ही बातमी. कुणापासून स्वतंत्र, ते तरी कळेल.

बाबांना सांग, बिलाला शिव्या देऊन रक्तदाब वाढतो. तुझ्यावर जीव आहेच.

मावशी


वोदेनिक
११ एप्रिल

ती. मावशीस,
स. न. वि. वि.

बातमी केली. नगरपालिकेचा ठराव मिळवला, झुल्फोलाही विचारलं; त्याने मला दारातून हाकललं, तेही लिहिलं. योस्टसाहेबांनी वाचून पाठ थोपटली. धाडसी आहे, म्हणाले. मग त्यांच्या नजरेस पत्ता पडला.

त्यानंतर बातमी संवेदनशील झाली. मे महिन्यात कामाची पाहणी करायला बडे पाहुणे येणार, तोवर थांबावं म्हणाले. दोन्ही बाजू हव्यात, असंही म्हणाले. मी म्हटलं, एक बाजू आपण बसलोय त्या खुर्चीखाली आहे आणि दुसरी माल्मोला. त्यांना ते विनोदी वाटलं नाही. मला मात्र पुढच्या शिबिराला पाठवायचं ठरलंय. विषय आहे, दडपणाखालची बातमीदारी.

मला लाज वाटते, मावशी. काकांना काय तोंड दाखवू?

माया असू दे.

सादेता


माल्मो
२ मे

चि. सादेतास आशीर्वाद.

रडू नकोस. सोबत पैसे आणि रविवारची फर्माइश पाठवते. जशीच्या तशी वाचतेस म्हणालीस, तर वाच:

'नदीकाठच्या आमच्या घरी राहणाऱ्या योस्टसाहेबांना, आणि त्यांचे घरमालक म्हणवणाऱ्या झुल्फोला, वासविया आणि ल्युबान त्रिवुनोविच यांच्याकडून शुभेच्छा. पावसात वरची खिडकी लावून घ्या, लाकूड फुगतं. अक्रोड पिकले की आमच्या वाट्याचे ठेवा. आम्ही बेपत्ता नाही, जिवंत आहोत, आणि परत येतो आहोत.'

गाणं कुठलंही लाव, रडकं सोडून.

मावशी


वोदेनिक
१० जून

ती. मावशीस,
स. न. वि. वि.

वाचली! नेमके पाहुणे रेडिओ स्टेशनातच बसले होते आणि दुभाषी मुलगी शब्द न् शब्द त्यांच्या कानात सांगत होती. गाव खो खो हसलं. पाहुण्यांना कार्यक्रम फार आवडला. योस्टसाहेब आता सांगतात की कल्पना त्यांचीच. कार्यालय महिनाअखेर हलतंय. झुल्फोने आमच्या स्टेशनच्या काचा फोडल्या, पण तुमचा अर्ज नगरपालिकेला मुकाट्याने दाखल करून घ्यावा लागला. काकांना सांग, परतीच्या प्रवासाचे कपडे धुवायला टाका.

पण गावाने फोनवरून परदेशातल्या सगळ्यांना ही गोष्ट कळवली, आणि पुढच्या रविवारांसाठी व्हिएन्नाहून, शिकागोहून, कुठून कुठून पाकिटं आली. प्रत्येकाने आपापल्या घराला शुभेच्छा पाठवल्या. आमचं सगळं गाव एकमेकांच्या घरात बसलेलं आहे, मावशी. शेवटचं पाकीट सर्बियातल्या नोव्ही सादहून, कुणा देसांका बाईंचं होतं. शाळेमागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं, की फडताळातल्या बरण्यांतलं मिरच्यांचं आयव्हार तुम्ही खाल्लंत का, आणि चवीला बरं झालं होतं का.

तो आमचा फ्लॅट. युद्धात आमचं घर जळाल्यावर नगरपालिकेने आम्हाला दिलेला. आयव्हार आम्ही चाटूनपुसून खाल्लं होतं.

योस्टसाहेबांनी प्रेमाने सुचवलं की हे एक पत्र बाजूला ठेवता येईल. मी वाचलं. पत्त्यासकट शेवटपर्यंत वाचलं, आणि चव छान होती असं आमच्यातर्फे सांगितलं.

घरी गेले तर बाबांनी आतून कडी लावली होती. कडी पहाटे काढली, पण बोलत अजून नाहीत. पत्रात लिहिल्याप्रमाणे देसांकाबाई ऑगस्टात आपल्या घरी परत येणार आहेत. तुमची वरची खोली काही दिवस आम्हाला द्याल का? नाही म्हणालात तरी लोभ तुटणार नाही. पण एकदा तरी मालकाला विचारून राहावं म्हणते.

तुझी
सादेता