सहाच सापडले

मंगळवार, ८ मार्च १९६०

सकाळी साडेनऊला समुद्र आटवून काढलेल्या जमिनीत, चौदा नंबरच्या चरात, माझ्या खोदयंत्राचा दात कशात तरी अडकला. आधी वाटलं, पुन्हा एखादं बुडालेलं जहाज — या हिवाळ्यात दोन निघालीच आहेत. पण लाकूड असं करकरत नाही. ओढलं तर पत्रा आला. मग एक चाक, माझ्या छातीइतकं उंच, आणि टायरमध्ये अजून हवा! इतकी वर्षं समुद्राच्या तळाशी.

पंपावर काम करणारा सीबे धावत आला. म्हणाला, विमान आहे, बॉम्ब टाकणारं, मोठ्यातलं. चिखलातून पांढरं कापड लोंबत होतं, पॅराशूटचं. धुतल्यासारखं स्वच्छ. तो ते ओढायला गेला. म्हटलं, राहू दे, दुसऱ्या टोकाला कोण असेल सांगता येत नाही.

काम बंद. बराकीत बसून लिहितोय. हात उगाच धुवावेसे वाटतात.

गुरुवार, १० मार्च

हवाईदलाचा कॅप्टन आलाय — टेर हॉर्स्ट. बोलतो कमी, चिखलात स्वतः गुडघे टेकून बसतो. म्हणाला, इंग्रजांचं लँकेस्टर. नोव्हेंबर ४३ मध्ये जर्मनीहून परतताना पडलं. माणसं सात.

सहा सापडली, आपापल्या जागी. बिनतारीवाला तर टेबलाशीच होता. आम्ही सगळ्यांनी टोप्या काढल्या, आणि मग कुणालाच त्या परत कधी घालायच्या कळेना.

शेपटीत मशीनगनवाल्याची जागा असते. ती रिकामी. दार उघडं.

"हा बाहेर पडला," कॅप्टन म्हणाला. "पण कुठल्याच किनाऱ्यावर त्याची नोंद नाही. कुणाच्या तरी जाळ्यात आला असणार." मग मला विचारलं, तू कुठला? म्हटलं, ड्रेंटचा, बटाटे पिकवणाऱ्या मुलखातला, पण बायको उर्कची, कोळ्यांच्या गावातली. "उर्कची," असं म्हणून त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

सीबे नंतर कानाशी लागला. "लढाईत तुझ्या सासरवाडीच्यांनी मासे कमी आणि मढी जास्त पकडली. आणि मढ्याच्या खिशात काय असतं ते घरी नेलं." मी म्हटलं, तोंड सांभाळ. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

शनिवार, १२ मार्च

घरी. वाटाण्याचं सूप, भाकर, आणि सासरे टेबलाच्या टोकाला, मानाच्या जागी. रिकेल्ट लोसमान — ज्या समुद्रात ते मासे मारायचे, तो आटवून मी तिथे चर खोदतो. सहा वर्षं झाली लग्नाला, अजून मी त्यांचा 'बटाट्या'. आमच्या नव्या जमिनीवर पाय ठेवणार नाही अशी त्यांची शपथ आहे.

विमानाचं सांगितलं. एरवी ते माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारत नाहीत. आज मान वर केली.

"कुठे?"

"चौदा नंबरचा चर."

"नंबर तुझ्या यंत्राला सांग. जुन्या काळ्या बोयाच्या कुठल्या अंगाला?"

"पश्चिमेच्या."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "किती जण?"

"सहा."

"आणि शेपटीतला?"

मी शेपटीचं नावही काढलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "सूप गार होतंय." माझी बायको मारेत्ये पोळपाटाएवढी भाकर कापत बसली, माझ्याकडे पाहिलं नाही. तिलाही काही ठाऊक आहे का?

दुपारी सासूबाई नेहमीसारख्या बादली आणि ब्रश घेऊन हेसेलच्या कबरीवर गेल्या. मारेत्येचा हा थोरला भाऊ, मी त्याला पाहिलेलं नाही. ४३ च्या ऑक्टोबरात वादळात बापाच्या होडीवरून गेला. एकोणीस वर्षांचा. महिनाभराने बापालाच सापडला, आणि बापानेच त्याला घरी आणलं. दर शनिवारी त्या दगड धुतात. सासरे कधीच सोबत जात नाहीत. आज पहिल्यांदा वाटलं — का जात नाहीत?

मंगळवार, १५ मार्च

शपथ मोडली! सकाळी बांधावरून एक सायकल येताना दिसली, वर काळी टोपी. सासरे. बावीस किलोमीटर, वाऱ्याच्या विरुद्ध, वय सहासष्ट.

खड्ड्याच्या कडेला उभे राहिले. शेपटीचा तुकडा बाहेर काढून ठेवलाय, त्याच्याकडेच बघत होते. बाकी विमान जणू नव्हतंच.

कॅप्टनने विचारलं, "आजोबा, त्या वर्षी तुम्ही या बाजूला मासेमारी करत होता का?"

"सगळेच करत होते."

"इथला कुणी तुमच्या जाळ्यात आला होता?"

"जाळ्यात नाही."

"मग?"

"जाळ्यात नाही म्हटलं ना." आणि सायकल वळवली. मला म्हणाले, "बटाट्या, तुमची माती वास मारते."   

शनिवार, १९ मार्च

आज केलं. लाज वाटते, तरी लिहितो.

सासरे मासळीच्या लिलावाला गेले होते. मी त्यांच्या जाळ्यांच्या शेडमध्ये शिरलो. मारेत्येला सांगितलं, खिळे हवेत. वरच्या फळीवर डांबराच्या डब्यामागे तंबाखूचा डबा. आत मेणकापड, त्यात मनगटी घड्याळ. मागच्या झाकणावर इंग्रजीत कोरलेलं. 'कॉलिन' एवढं वाचता आलं, आणि 'मदर'. तेवढं इंग्रजी मलाही कळतं.

मेलेल्या पोराच्या हातातून काढलेलं, आईने दिलेलं घड्याळ. आणि हा माणूस जेवणाआधी आणि जेवणानंतर आमच्याकडून बायबल वाचून घेतो!

घड्याळ जागच्या जागी ठेवलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. सहा वर्षांत त्यांच्याविरुद्ध माझ्या हाती पहिल्यांदा काही आलं.

सोमवार, २१ मार्च

कॅप्टनला सांगितलं.

शनिवार, २६ मार्च

कॅप्टन घरी आला. वर्दीत नाही, साध्या कोटात, बूट दाराबाहेर काढून. सासूबाईंनी कॉफी दिली. त्याने सरळ विचारलं, "लोसमान, तुमच्याकडे एक घड्याळ आहे का?"

सासऱ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, तेच वाईट. उठले, शेडमध्ये गेले, डबा आणून टेबलावर ठेवला.

"मेलेल्याच्या हातातून काढलं?"

"हो."

"आणि तो माणूस?"

"समुद्रात मेला."

"मेला ते मलाही माहीत आहे. तुम्ही त्याचं काय केलंत? परत पाण्यात सोडलात?"

कॅप्टनने खिशातून पत्र काढलं आणि वाचत वाचत आमच्या भाषेत सांगितलं. कॉलिन थ्रेलफॉल, बावीस वर्षांचा, ऑस्ट्रेलियाच्याही खालच्या टास्मानिया बेटाचा. घरची सफरचंदांची बाग. आई अजून आहे. दर नोव्हेंबरात सरकारला पत्र लिहिते — काही सापडलं का, निदान कुठे ते सांगा, मला नकाशावर बोट ठेवायचंय.

सासरे मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, "मी चोर आहे. तसं लिहून घ्या."

सासूबाई कॉफीचे कप गोळा करत होत्या. एक कप बशीवर वाजला, तेवढंच.

कॅप्टन गेल्यावर मारेत्येने मला विचारलं, "खिळे मिळाले का रे?" मग वर गेली.

रविवार, २७ मार्च

उर्कमध्ये बातमी भरतीच्या पाण्यासारखी घरोघर शिरते. चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही चौघंच, शेजारचे मागे सरकून बसले. नंतर चर्चच्या मंडळातले दोन वडीलधारे आले. ईस्टरच्या प्रभुभोजनाला, भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, रिकेल्टने येऊ नये म्हणाले. ते "बरं" म्हणाले. चाळीस वर्षांत एकही चुकवलेलं नाही म्हणे.

मी जिंकलो असेन तर जिंकल्यासारखं का वाटत नाही?

बुधवार, ६ एप्रिल

चर पुन्हा सुरू. सीबे म्हणतो, मी म्हटलंच होतं. त्याचं तोंड बघवत नाही.

एक गोष्ट जुळत नाही. चोर असता तर घड्याळ विकलं असतं. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात लोक लग्नाच्या अंगठ्या देऊन बटाटे नेत होते, ड्रेंटला आमच्याच दारातून. यांनी ते मेणकापडात ठेवलं. तेल दिलेलं होतं त्याला. चावी फिरवली असती तर चाललं असतं.

शनिवार, ९ एप्रिल

सासऱ्यांनी शेडमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. मी ठोसा खायच्या तयारीने गेलो होतो.

"बस," म्हणाले. पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "बेरेंड, तू बरोबर ओळखलंस. चोरी झालीय. पण घड्याळाची नाही."

मग सांगितलं. जसं आठवतंय तसं लिहितो.

"हेसेल गेला आणि तुझी सासू जाऊन बांधावर उभी राहिली. रोज, उजाडल्यापासून. जेवायला चल म्हटलं की म्हणायची, तो आला की एकदमच बसू. तीन आठवडे! हाडं दिसायला लागली. मारेत्ये आठ वर्षांची, तिच्याकडेही बघेना. मी रोज होडी घेऊन त्याला शोधायचो. एका सकाळी काळ्या बोयाच्या साखळीला कुणीतरी अडकलेलं दिसलं. पलीकडे विमानाची शेपटी पाण्यावर होती, पण मला ती दिसलीच नाही. मी हेसेल म्हणून हाक मारली. उलथा केला, तर दुसऱ्याच कुठल्या आईचा."

त्यांनी सुई उचलली, जाळ्याचा एक फास विणला.

"नियम होता, जर्मनांच्या ताब्यात द्यायचं. मी बसून राहिलो त्याच्याजवळ. मग त्याचे कपडे काढले, दगड बांधून बुडवले. होडीत हेसेलचा जुना स्वेटर होता, तो घातला. इथे, या शेडमध्ये, पेटी केली. खिळे ठोकले आणि मगच घरी गेलो. म्हटलं, यान्नेत्ये, सापडला. बघू नकोस, पाण्याने चेहरा ठेवला नाही. चेहरा होता, बेरेंड. झोपल्यासारखा होता."

"आणि सासूबाई?"

"त्या दिवशी जेवली."

मी विचारलं, घड्याळ का ठेवलंत. म्हणाले, "परत द्यायचं म्हणून. पण ते दिलं की बाकीचंही द्यावं लागणार. तिकडे एक आई नकाशावर बोट ठेवायला जागा मागते, आणि ती जागा माझी बायको दर शनिवारी धुते. मी एकीकडून उचललं आणि दुसरीला दिलं. यान्नेत्ये आहे तोवर मी चोर म्हणूनच राहीन. तिने दुसऱ्यांदा पोरगा गमवायचा नाही. तुला सांगितलं कारण माझ्यानंतर कुणाला तरी माहीत पाहिजे. आणि तू शोधल्याशिवाय राहणारा नाहीस."

त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. गेले महिनाभर मी त्यांच्याकडे बघण्याशिवाय दुसरं काही केलेलं नव्हतं.

मंगळवार, १२ एप्रिल

कॅप्टन शुक्रवारी सहा पेट्या घेऊन जाणार. सांगू? नको सांगू? यंत्रावर बसून दिवसभर तेच. दोनदा त्याच्या तंबूपर्यंत गेलो आणि काडेपेटी मागून परत आलो. मी विडी ओढत नाही, हे आता त्यालाही कळलं असेल.

शनिवार, १६ एप्रिल

सासूबाईंनी बादली माझ्याकडे दिली, कंबर दुखते म्हणाल्या. कबरीपाशी पोहोचल्यावर म्हणाल्या, "त्यांनी तुला सांगितलं ना?"

मी बादली खाली ठेवली.

"ते पाद्रीला बोलवायला गेले होते, तेव्हा मी पेटीचे दोन खिळे उपसून हात आत घातला. हेसेलचं एक बोट लहानपणीच दोरात तुटलं होतं. याची पाची होती. मग खिळे परत ठोकले. हे आले आणि समोर बसून माझ्या ताटाकडे बघायला लागले, म्हणून मी जेवले. त्यांना आज मी सांगेन. तू त्या बाईला पत्र लिही. तिला म्हणावं, पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं की हा तुझा आहे, आणि सोळा वर्षांत एकही शनिवार चुकलेला नाही."